नोंदणी झाली, मालकीचे काय? घर घेणाऱ्यांसाठी हक्कलेख, गहाण आणि कर्जाविषयी माहिती

दुय्यम निबंधक कार्यालयात सह्या झाल्या, अंगठ्याचे ठसे आणि छायाचित्रे घेण्यात आली आणि शिक्क्याचा दस्त हाती पडला, की घर आपले झाले, असा देशभरातील बहुसंख्य खरेदीदारांचा समज असतो. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी बिहारमधील एका प्रकरणात दिलेल्या निकालाने या समजातील उणीव पुन्हा एकदा समोर आणली. दस्ताच्या नोंदणीमुळे व्यवहाराची सार्वजनिक नोंद होते. त्यातून मालकी निर्विवादपणे सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. विक्रेत्याच्या नावे महसुली फेरफार झाल्याचा पुरावा नसल्यास दस्त नोंदवून घेऊ नये, असा नियम बिहार सरकारने २०१९ मध्ये केला होता. तो या निकालाने रद्द झाला. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात तमिळनाडूचा अशाच स्वरूपाचा नियमही रद्द ठरवण्यात आला होता. विक्रेता खरोखर मालक आहे किंवा नाही याची चौकशी करण्याचा अधिकार १९०८ च्या नोंदणी कायद्याने नोंदणी अधिकाऱ्याला दिलेला नाही, असे त्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले होते.

याचा व्यवहारातील अर्थ असा, की मुद्रांक शुल्कापोटी लाखो रुपये स्वीकारणारे सरकार खरेदीदाराला मालकीची हमी देत नाही. ऑस्ट्रेलियात १८५८ पासून रूढ झालेल्या टॉरेन्स पद्धतीत सरकारी नोंदवहीतील नाव हेच मालकीचे प्रमाण मानले जाते. भारतात मात्र मालकी ही जुन्या दस्तांवरून अनुमानाने ठरते आणि ते अनुमान न्यायालयात खोडून काढता येते. साहजिकच कागदपत्रे तपासण्याचा सगळा भार खरेदीदारावर पडतो, आणि तो भार उचलण्याची तयारी बहुतेकांनी केलेली नसते.

साठेखत आणि खरेदीखत

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री केवळ नोंदणीकृत दस्तानेच होऊ शकते. शंभर रुपयांची ही मर्यादा आजतागायत बदललेली नाही. विक्रीचा करार, म्हणजेच महाराष्ट्रात ज्याला साठेखत म्हणतात, त्याने मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही, असे त्याच कायद्यात नमूद आहे. पुढे विक्री करण्याचे ते केवळ वचन होय. हक्क हस्तांतरित होतो तो खरेदीखताने. दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीसाठी सादर करावा लागतो. त्यानंतर आणखी चार महिन्यांपर्यंत दंड भरून नोंदणी करून घेता येते.

दिल्ली आणि परिसरात अनेक वर्षे कुलमुखत्यारपत्र, विक्री करार आणि मृत्युपत्र या तीन कागदांच्या आधारे घरे विकली गेली. मुद्रांक शुल्क वाचत असल्याने दोन्ही बाजू समाधानी असत. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात अशा व्यवहारांनी मालकी हस्तांतरित होत नाही, असा निर्वाळा दिला. दिल्लीतील १,७३१ अनधिकृत वसाहतींमधील रहिवाशांना मालकीहक्क देण्यासाठी संसदेला २०१९ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. तो दिलासा त्या वसाहतींपुरताच आहे. अन्यत्र केवळ मुखत्यारपत्राच्या बळावर घर विकत घेणाऱ्याला त्याचा आधार घेता येत नाही.

मुखत्यारपत्रधारकाने मालकाच्या वतीने खरेदीखतावर सही करणे ही वेगळी गोष्ट असून ती कायदेशीर आहे. तथापि ते मुखत्यारपत्र नोंदणीकृत आहे का, त्यात विक्रीचा अधिकार स्पष्टपणे दिलेला आहे का आणि मुख्य म्हणजे ते देणारी व्यक्ती हयात आहे का, हे पाहणे आवश्यक ठरते. देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर सर्वसाधारण मुखत्यारपत्र संपुष्टात येते. मालक परदेशी किंवा दूरच्या शहरात असल्यास त्याच्याशी प्रत्यक्ष किंवा दृक्श्राव्य माध्यमातून एकदा बोलून घेण्यात कसला संकोच असावा, हे समजत नाही. पण पुष्कळ खरेदीदार तेवढेही करीत नाहीत.

तीस वर्षांचा शोध कशासाठी

मालमत्तेचे हक्क तपासताना वकील सर्वसाधारणपणे मागील तीस वर्षांच्या नोंदी पाहतात. हा आकडा परंपरेने आलेला नाही. गहाण ठेवलेली मालमत्ता सोडवून घेण्यासाठी दावा करण्याची मुदत १९६३ च्या मुदत कायद्यानुसार तीस वर्षे आहे. त्यामुळे २८ वर्षांपूर्वीचे एखादे विसरलेले गहाणखतही आज जिवंत असू शकते. या काळातील प्रत्येक हस्तांतरणाचा मूळ दस्त किंवा त्याची प्रमाणित प्रत मिळाली पाहिजे. साखळीतील एखादा दुवा गहाळ असेल आणि विक्रेता त्याबाबत ‘हरवला आहे’ एवढेच सांगत असेल, तर पोलिसांकडील तक्रारीची नोंद व वृत्तपत्रातील जाहीर सूचना मागावी. मूळ दस्त एखाद्या बँकेत गहाण म्हणून ठेवलेला असण्याची शक्यता अशा वेळी सर्वात अधिक असते.

हा शोध कोठे घ्यावा, हे राज्यागणिक बदलते. महाराष्ट्रात नोंदणी विभागाकडील सूची क्रमांक २, अर्थात व्यवहारात ज्याला इंडेक्स टू म्हटले जाते, त्यावरून नोंदलेले व्यवहार कळतात. कर्नाटक, तमिळनाडू, आंध्र प्रदेश, तेलंगणा आणि केरळमध्ये बोजा प्रमाणपत्र मिळते. बेळगाव किंवा बंगळुरूत घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना ते मागितल्याखेरीज पुढे जाता येणार नाही. ही दोन्ही साधने नोंदणीकृत दस्तांपुरतीच मर्यादित आहेत. न नोंदवलेले गहाण, तोंडी वाटणी अथवा प्रलंबित दावा त्यात दिसत नाही.

सातबारा उतारा, मिळकत पत्रिका, कर्नाटकातील खाता, तमिळनाडूतील पट्टा, उत्तर प्रदेशातील खतौनी, गोव्यातील नमुना एक व चौदा ही सर्व महसुली किंवा पालिकेची अभिलेखे होत. सातबारा हे नावच मुळी गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा या दोन नमुन्यांवरून पडले आहे. जमिनीचा सारा किंवा कर कोणाकडून घ्यायचा, हे ठरवणे हा त्यांचा प्रमुख हेतू. फेरफार नोंदीने मालकी निर्माणही होत नाही आणि नष्टही होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे. असे असले तरी ही अभिलेखे अतिशय बोलकी असतात. सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात कुळाचे नाव, सहकारी संस्थेचा बोजा किंवा भूसंपादनाचा शेरा आढळू शकतो. भोगवटादार वर्ग दोन अशी नोंद असल्यास ती जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासी व्यक्तीला विकण्यावर महाराष्ट्रात कडक निर्बंध आहेत. हिमाचल प्रदेशात शेतकरी नसलेल्या व्यक्तीला जमीन घेण्यासाठी राज्य सरकारची परवानगी लागते. डोंगरात टुमदार घर बांधण्याचे स्वप्न पाहणाऱ्यांनी जागा पसंत करण्यापूर्वी हे जाणून घेतलेले बरे.

वारसाहक्कातून उद्भवणारे वाद हा सर्वात मोठा धोका मानावा लागेल. वडिलोपार्जित मालमत्ता भावांनी मिळून विकली आणि बहिणींच्या सह्या घेतल्याच नाहीत, असे प्रकार सर्रास घडतात. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ मध्ये झालेल्या दुरुस्तीने मुलींना जन्मतः सहदायिकत्वाचा हक्क मिळाला. ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असणे त्यासाठी आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे वंशावळीतील प्रत्येक वारसाची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र मिळणे अगत्याचे आहे. वारसांमध्ये अज्ञान मूल असल्यास हिंदू पालकाला त्याची स्थावर मालमत्ता न्यायालयाच्या पूर्वपरवानगीविना विकता येत नाही. तशी विक्री झाल्यास मूल सज्ञान झाल्यावर ती रद्द करवून घेऊ शकते. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी संहितेमुळे विवाहित व्यक्तीच्या मालमत्तेत जोडीदाराचा हक्क गृहीत धरला जातो. दस्त केवळ पतीच्या नावे असला तरी विक्रीच्या वेळी पत्नीची सही लागते, याची माहिती बाहेरून जाऊन तेथे घर घेणाऱ्यांना क्वचितच असते.

न्यायालयात दावा सुरू असताना घेतलेली मालमत्ता त्या दाव्याच्या निकालाला बांधील राहते. मुंबई प्रांताने १९३९ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार बृहन्मुंबईत अशा दाव्याची सूचना नोंदवलेली असावी लागते. इतर बहुतेक राज्यांत ती अटही नाही. विक्रेत्याच्या नावाने न्यायालयांच्या संकेतस्थळावर शोध घेणे आणि वृत्तपत्रात जाहीर सूचना देऊन हरकती मागवणे हे दोन उपाय त्यासाठी वापरले जातात. दोन्हींचा खर्च घराच्या किमतीच्या मानाने नगण्य आहे.

दस्त बँकेत, गहाण अदृश्य

गृहकर्ज देणाऱ्या बँका बहुतांशी मूळ दस्त ताब्यात ठेवून घेतात. कायद्याच्या भाषेत याला हक्कलेख ठेवून केलेले गहाण म्हणतात. ते करण्यासाठी स्वतंत्र गहाणखत लिहिण्याची किंवा नोंदवण्याची गरज नसते. ही पद्धत कर्जदाराच्या सोयीची असली तरी पुढच्या खरेदीदारासाठी अडचणीची ठरते, कारण नोंदणी कार्यालयातील शोधात अशा गहाणाचा मागमूस लागत नाही. एकाच सदनिकेच्या रंगीत छायाप्रती मूळ दस्त म्हणून सादर करून अनेक बँकांकडून कर्जे उचलल्याची प्रकरणे यातूनच घडली.

या फसवणुकीला आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने सरसाई ही केंद्रीय नोंदवही ३१ मार्च २०११ पासून सुरू केली. बँका व गृहवित्त कंपन्या आपल्याकडील गहाणांची नोंद तेथे करतात आणि ठरावीक शुल्क भरून कोणालाही मालमत्तेच्या तपशिलावरून शोध घेता येतो. महाराष्ट्रात याखेरीज २०१३ पासून अशा गहाणाची सूचना नोंदणी विभागाकडे तीस दिवसांत देणे कर्जदारावर बंधनकारक आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिका असल्यास संस्थेच्या सचिवांकडे चौकशी करावी. कर्ज देणारी बँक आपला बोजा संस्थेच्या दप्तरी नोंदवून घेते, आणि सभासदाची थकबाकी किती याचा खरा आकडा तेथेच कळतो.

विक्रेत्याचे कर्ज चालू असेल तर व्यवहार टाळावा असे नव्हे. किंबहुना बँकेत असलेले दस्त एकदा वकिलाच्या नजरेखालून गेलेले असतात. मात्र अशा वेळी विक्रेत्याच्या बँकेकडून शिल्लक कर्जाचे पत्र आणि ताब्यातील कागदपत्रांची यादी मागावी आणि तेवढी रक्कम विक्रेत्याच्या हाती न देता थेट त्या कर्जखात्यात भरावी. उरलेली रक्कम मूळ दस्त मिळाल्यानंतर द्यावी. ‘आधी पैसे द्या, मी कर्ज फेडून कागद आणून देतो’ हे वाक्य ऐकून फसलेल्यांची संख्या कमी नाही.

नव्या प्रकल्पात जमीनच विकासकाने बँकेकडे गहाण टाकलेली असते. सदनिका विकण्यापूर्वी त्या बँकेचे त्या विशिष्ट सदनिकेपुरते ना हरकत पत्र घेणे आवश्यक आहे. विक्री करार झाल्यानंतर विकासकाला ती सदनिका गहाण ठेवता येत नाही आणि ठेवल्यास खरेदीदाराच्या हक्काला बाधा येत नाही, अशी तरतूद २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यात, म्हणजेच रेरामध्ये आहे. कर्ज थकल्याने बँकेने प्रकल्प ताब्यात घेतल्यास बँकेविरुद्धही रेरा प्राधिकरणाकडे दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये राजस्थानातील प्रकरणात मान्य केले.

नोएडा आणि ग्रेटर नोएडातील आम्रपाली समूहाचे प्रकरण या संदर्भात उल्लेखनीय आहे. तेथील जमीन प्राधिकरणाने भाडेपट्ट्याने दिलेली होती व तिची रक्कम समूहाने थकवली होती. बँकांची कर्जेही थकली होती आणि ४२ हजारांहून अधिक खरेदीदारांची घरे अपुरी होती. सर्वोच्च न्यायालयाने २३ जुलै २०१९ रोजी समूहाची रेरा नोंदणी रद्द करून बांधकाम पूर्ण करण्याची जबाबदारी एनबीसीसी या सरकारी कंपनीवर सोपवली आणि थकबाकीच्या वसुलीसाठी खरेदीदारांच्या घरांवर टाच आणण्यास मनाई केली. त्यानंतरही अनेक कुटुंबांना घराचे भाडे आणि गृहकर्जाचा हप्ता असा दुहेरी भार वर्षानुवर्षे सोसावा लागला.

परवानगी नसेल तर

हक्कलेख निर्दोष असूनही इमारतच बेकायदा असू शकते. मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत १९८० च्या दशकात मंजुरीपेक्षा अधिक मजले बांधण्यात आले. सुमारे तीन दशके तेथे राहिलेल्या कुटुंबांना सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर घरे सोडावी लागली. केरळात मरडू येथील चार गृहसंकुले किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांचा भंग केल्यामुळे ११ व १२ जानेवारी २०२० रोजी स्फोटकांनी पाडण्यात आली. नोएडातील सुमारे शंभर मीटर उंचीचे जुळे मनोरे २८ ऑगस्ट २०२२ रोजी जमीनदोस्त झाले. या ठिकाणी सदनिका घेणाऱ्यांपैकी अनेकांना नामांकित बँकांनी कर्जे दिली होती. ‘बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे कागदपत्रे चोख’ ही समजूत किती पोकळ आहे, ते यावरून दिसून येते. बँकेचा वकील बँकेसाठी तपासणी करतो, खरेदीदारासाठी नव्हे. इमारत पडली तरी कर्ज फेडावेच लागते.

रेरा नोंदणी क्रमांकाविषयीही अशीच सावधगिरी आवश्यक आहे. कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या जोडून ६५ इमारतींसाठी महारेराची नोंदणी मिळवण्यात आल्याचे उघडकीस आले. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये या इमारतींवर कारवाईचे आदेश दिले, तेव्हा त्यांपैकी अनेक इमारतींत कुटुंबे राहावयास आलेली होती. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरील बांधकाम परवानगीचा क्रमांक घेऊन तो महापालिकेच्या नगररचना विभागातून पडताळून घेणे, एवढीच कृती या कुटुंबांना वाचवू शकली असती.

या मर्यादा लक्षात घेऊनही रेराचे महत्त्व कमी होत नाही. हा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरील किंवा आठपेक्षा अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी त्यानुसार अनिवार्य आहे. खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवून केवळ त्याच प्रकल्पाची जमीन व बांधकाम यांवर खर्च करावी लागते. नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. किंमत चटई क्षेत्रावर ठरते, त्यामुळे जिना आणि उद्वाहनाच्या जागेचेही पैसे मोजण्याचे दिवस कागदोपत्री तरी संपले आहेत. ताबा लांबल्यास व्याजासह परतावा मागता येतो. जमिनीच्या मालकीतील दोषामुळे नुकसान झाल्यास भरपाईच्या दाव्याला मुदतीचे बंधन नाही, ही तरतूद फारशी चर्चिली जात नसली तरी अत्यंत मोलाची आहे.

भोगवटा प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी ताबा घेऊ नये, हे वारंवार सांगितले जाते. त्याविना पाणी आणि मलनिःसारणाची अधिकृत जोडणी मिळण्यात अडचणी येतात, शिवाय पुढे विक्रीच्या वेळी किंमत घसरते. इमारत तारण घेऊन कर्ज देताना बँकांनी पूर्णत्वाचे अथवा भोगवटा प्रमाणपत्र पडताळावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ रोजी दिला आहे. महाराष्ट्रात आणखी एक टप्पा उरतो तो अभिहस्तांतरणाचा. सदनिका खरेदीदाराच्या नावे झाली तरी इमारतीखालची जमीन संस्थेच्या नावे होईपर्यंत विकासकाची किंवा मूळ मालकाचीच राहते. विकासक टाळाटाळ करीत असल्यास संस्थेला मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करता येतो. जुनी सदनिका घेणाऱ्याने संस्थेचे अभिहस्तांतरण झाले आहे का, हे विचारावे. पुनर्विकासाच्या वेळी सारे गणित त्यावरच अवलंबून असते.

कर्जाचे गणित

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार तीस लाख रुपयांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्के, तीस ते पंचाहत्तर लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के इतकेच कर्ज मिळू शकते. मुद्रांक शुल्क व नोंदणी खर्च सर्वसाधारणपणे किमतीत धरला जात नाही. बांधकाम सुरू असलेल्या घरावर एप्रिल २०१९ पासून पाच टक्के, तर परवडणाऱ्या घरावर एक टक्का वस्तू व सेवा कर लागू आहे. पूर्णत्वाच्या दाखल्यानंतर विकलेल्या घरावर तो नाही. ही सर्व रक्कम पदरची घालावी लागते.

पन्नास लाख रुपयांचे कर्ज साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ४३,३९० रुपये येतो. पहिल्या हप्त्यातील ३५,४१७ रुपये व्याजात जातात व मुद्दल आठ हजारांहूनही कमी फिटते. वीस वर्षांत एकूण व्याज ५४ लाखांच्या पुढे जाते. आता दर साडेनऊ टक्के झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर हेच कर्ज फिटण्यास २४० ऐवजी सुमारे ३०९ हप्ते लागतील, म्हणजे जवळजवळ पावणेसहा वर्षे अधिक.

हे उदाहरण काल्पनिक वाटू नये. बँकांची बदलत्या दराची गृहकर्जे ऑक्टोबर २०१९ पासून रेपो दरासारख्या बाह्य मापदंडाशी जोडण्यात आली. मे २०२० मध्ये चार टक्क्यांवर असलेला रेपो दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा टक्क्यांवर पोहोचला. बँकांनी हप्ता न वाढवता मुदत वाढवली आणि निवृत्तीपूर्वी फिटणारे कर्ज निवृत्तीनंतरपर्यंत लांबल्याचे कित्येकांना उशिरा कळले. दर बदलताना कर्जदाराला हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे, दोन्हींचा मेळ घालणे किंवा धोरणानुसार स्थिर दराकडे वळणे हे पर्याय द्यावेत, असे निर्देश रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये दिले. २०२५ मध्ये रेपो दर टप्प्याटप्प्याने कमी होऊन डिसेंबरमध्ये सव्वापाच टक्क्यांवर आला. आपल्या कर्जाला ही कपात लागू झाली का, हे खातेउतारा पाहूनच समजते. गृहवित्त कंपन्यांना बाह्य मापदंडाची सक्ती नाही, त्यामुळे तेथे ही विचारणा अधिक आवर्जून करावी लागते.

ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक कर्जदाराला मुख्य तथ्यांचे विवरणपत्र देणे बँकांवर बंधनकारक आहे. सर्व शुल्कांसह येणारा वार्षिक खर्चाचा दर त्यात एका आकड्यात दिलेला असतो. दोन बँकांची तुलना जाहिरातीतील व्याजदरावरून न करता या आकड्यावरून करावी. वैयक्तिक कर्जदाराने बदलत्या दराचे गृहकर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास दंड आकारता येत नाही. कर्जासोबत गळ्यात घातल्या जाणाऱ्या एकरकमी विमा पॉलिसीचा हप्ता कर्जातच मिळवला जातो व त्यावर वीस वर्षे व्याज भरावे लागते. विमा असावा, परंतु तो बँकेने सुचवलेल्या कंपनीचाच असावा असे कायदा सांगत नाही.

‘ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही’ अशा योजनांमध्ये विकासक व्याज भरण्याचे कबूल करतो, कर्ज मात्र खरेदीदाराच्या नावावर असते. विकासकाने व्याज भरणे थांबवताच बँक खरेदीदाराकडे वळते. याच कारणास्तव राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने जुलै २०१९ मध्ये गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांतील कर्जे टाळण्यास सांगितले. कर्जाची रक्कम बांधकामाच्या टप्प्यांनुसारच विकासकाला दिली जाईल, असा आग्रह धरणे हाच खरेदीदाराचा खरा बचाव होय.

विक्रेत्याला द्यावयाची रक्कम पन्नास लाख रुपये किंवा त्याहून अधिक असल्यास त्यातून एक टक्का आयकर कापून सरकारजमा करण्याची जबाबदारी खरेदीदाराची आहे. विक्रेता अनिवासी भारतीय असल्यास पन्नास लाखांची मर्यादा लागू होत नाही व कपातीचा दरही बराच अधिक असतो. परदेशस्थ नातलगाचे पुण्यातील किंवा नागपुरातील घर घेणाऱ्यांकडून ही चूक वारंवार होते.

हप्ते थकल्यास

हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकला, की कर्ज अनुत्पादक ठरते. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक साठ दिवसांची नोटीस देते. कर्जदाराने हरकत घेतल्यास पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर देणे बँकेवर बंधनकारक आहे. साठ दिवसांत रक्कम न भरल्यास दिवाणी दावा न करताच बँकेला घर ताब्यात घेता येते आणि प्रत्यक्ष ताब्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मदत मागता येते. या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. सर्व रक्कम भरून घर सोडवून घेण्याचा हक्क मात्र लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये म्हटले आहे. लिलावाच्या दिवशी पैसे घेऊन धावत जाण्याचा काळ आता राहिलेला नाही. अडचण येताच, पहिला हप्ता चुकण्यापूर्वी, बँकेशी लेखी संपर्क साधल्यास मुदत वाढवून घेण्याची शक्यता असते.

लिलावातील घरे स्वस्त वाटतात. ती ‘जशी आहेत, जेथे आहेत’ या तत्त्वावर विकली जातात, हे सूचनेत बारीक अक्षरांत छापलेले असते. संस्थेची थकबाकी, मालमत्ता कर, वीजबिल आणि प्रसंगी आत राहणारा भाडेकरू हे सर्व घराबरोबरच येते. बोली लावण्यापूर्वी ताबा केवळ कागदोपत्री आहे की प्रत्यक्ष, हे बँकेकडून लेखी घ्यावे.

कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांच्या आत सर्व मूळ दस्त परत करणे आणि बोजा कमी करणे रिझर्व्ह बँकेने बँकांवर बंधनकारक केले आहे. १ डिसेंबर २०२३ नंतरच्या प्रकरणांत विलंबाच्या प्रत्येक दिवसासाठी पाच हजार रुपये भरपाई मिळते. दस्त हरवल्यास त्याच्या प्रमाणित प्रती मिळवून देण्याचा खर्चही बँकेकडे. दस्त ताब्यात घेताना कर्ज घेतेवेळी मिळालेल्या यादीशी ते एकेक करून ताडून पाहावेत. त्यानंतर सरसाईच्या नोंदवहीत गहाण मिटल्याची नोंद झाली का, गृहनिर्माण संस्थेने बँकेचा बोजा काढला का आणि सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर बँकेचे नाव चढलेले असल्यास ते कमी झाले का, हे तपासावे लागते. ही कामे राहून गेल्याचे बहुधा दहा-पंधरा वर्षांनी, घर विकायला काढल्यावर, नव्या खरेदीदाराच्या वकिलाकडून कळते.